खदानीतला चतुर आणि सरांचा निळा ड्रम

लातूर जिल्ह्यातल्या निम्म्या संसारांची सुरुवात माझ्या डोळ्यांदेखत झाली आहे. उरलेल्या निम्म्यांची झाली तेव्हा मी पंगतीत बसलो होतो. तीस वर्षं लग्नाचे फोटो काढले. मंगलाष्टकं असोत, त्रिशरण-पंचशील असो की निकाह, माझा फ्लॅश उडाल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नसे. औशाच्या एका लग्नात मी रोल बदलत होतो, तेवढा वेळ भटजींनी ‘सावधान’ गालात धरून ठेवलं होतं. पुढं ड्रोन उडवणारी पोरं आली, नवऱ्या धुरातून पळायला लागल्या, तेव्हा मी दुकानाचं शटर ओढलं. घरी आणली ती फक्त एक जवळची लेन्स, जिनं मी अंगठ्या आणि मेंदीचे हात टिपायचो.

आमची कॉलनी औसा रोडला, शहर जिथं दमून बसतं तिथं. घरामागं एक जुनी दगडाची खदान आहे. कधीकाळी तिथला काळा दगड काढून लोकांनी आपापल्या घरांचे पाये भरले आणि खड्डा तसाच टाकून दिला. त्यात साठलेलं पाणी होळीपर्यंत टिकतं. काठाला पाणकणसं, दोन बाभळी आणि कॉलनीनं फेकलेलं एक कमोड. त्या कमोडच्या शेजारी, एका वाळक्या काडीच्या टोकावर, मला तो पहिल्यांदा दिसला. लाल चतुर. नुकतंच कुंकू सांडावं इतका लाल. लहानपणी याच्याच शेपटीला दोरा बांधून आम्ही विमानं उडवली होती. त्याचे डोळे कधी बघितले नव्हते. लेन्समधून बघितले आणि मी तिथंच पोटावर पालथा पडलो तो आजतागायत.

चतुर हा नवरदेवापेक्षा शंभर पटीनं समजूतदार प्राणी आहे. ‘इकडं बघा, इकडं बघा’ म्हणून मी तीस वर्षं घसा फोडला, नवरदेव कायम मेव्हण्यांकडं बघायचे. हा गडी उडतो, एक घिरटी मारतो, माशी धरतो आणि परत त्याच काडीच्या त्याच टोकावर त्याच कोनात येऊन बसतो. आपण फक्त हलायचं नाही. मी इतका निपचित पडून असे की टाचण्यांच्या, म्हणजे चतुराच्या सडपातळ चुलतभावंडांच्या, एका जोडप्यानं माझ्या टोपीवर संसार थाटला, आणि एका म्हशीनं माझा कान चाटला. यातलं म्हशीचं खरं आहे.

एकदा शेरडं चारणारी एक म्हातारी काठावरून ओरडली, “ओ, जित्ते हाव का मेलाव?”

“जित्ता हाय मावशी. फोटो काढायलो.”

“कुणाचा?”

“चतुराचा.”

“का? त्येचं आधार कार्ड काढायचंय का?”

मागच्या वर्षी गणपती उठले आणि कॉलनीत ताप बसला. डेंग्यू. घरटी एक माणूस अंथरुणात. माझी बायको पाच दिवस तापात होती. मी तिच्या कपाळावर पट्ट्या बदलत होतो आणि माझ्या तोंडून त्या पाच दिवसांत एकही थाप निघाली नाही. ती नंतर म्हणाली, “तुम्ही गप बसलाव तवा मला वाटलं, आता काय मी वाचत न्हाई.”

कॉलनीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात. ते उभे राहिले की अजूनही निम्मी कॉलनी नकळत हात मागं बांधते. सरांनी समाजमंदिराच्या ओट्यावर सभा बोलावली.

“डासांचं माहेर म्हणजे ती खदान,” सर म्हणाले. “बुजवून टाकू. रस्त्याच्या कामाचा मुरूम निघायलाय. वर व्यायामाची यंत्रं बसवू. हात वर करा.”

हात वर झाले. मी उभा राहिलो.

“सर, चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात. डासांच्या अळ्या हेच त्यांचं जेवण. खदान बुजवली तर डास खाणारेच जातील.”

“माणसं तापानं फणफणायलीत अन् तुम्ही किड्याचा पुळका घेऊन बसलाव?”

“माझी बायको पण फणफणलीय, सर.”

“मग तर तुम्ही दोन्ही हात वर करायला पाहिजेत.”

सगळे हसले. मी खाली बसलो, पण आतून उभाच होतो. त्या रात्री, नव्हे, त्या क्षणीच ठरवलं, की खदान खरंच दोषी निघाली तर मुरुमाचं पहिलं घमेलं मी टाकीन. पण बघितल्याशिवाय नाही. आयुष्यभर निगेटिव्ह उजेडाला धरून बघितल्याशिवाय मी एक फोटो धुतलेला नाही.

दोन दिवस पांढरी ताटली घेऊन खदानीचं पाणी तपासलं. बेडकाची पोरं निघाली, पाणकिडे निघाले आणि चतुराची पिल्लं निघाली. ही पिल्लं म्हणजे मातकट, कुरूप, सहा पायांचे गुंड. हनुवटीखाली घडी घातलेला एक चिमटा, तो सटकन पुढं येतो आणि अळी गायब. डासाच्या अळ्या मला तिथं शोधून शोधून तीन-चार सापडल्या. त्याही माझ्यासमोर संपल्या.

“मग डास यायलेत कुठून?” मी घरी येऊन म्हणालो.

बायको खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, “आधी आपला ड्रम बघा की.”

इथं बाहेरगावच्या वाचकाला थोडं सांगावं लागेल. लातूर हे रेल्वेनं पाणी प्यायलेलं शहर आहे. नळ येतो आठ-दहा दिवसांनी. त्यामुळं इथं माणूस एकवेळ दागिना हरवेल, पण बादलीभर पाणी ओतून देणार नाही. दर घरी निळे ड्रम, हंडे, टाक्या, जुने कुकरसुद्धा भरलेले. दर शुक्रवारी आरोग्य खात्याची ताई येते आणि सांगते, आज कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून, घासून, वाळवा. आम्ही कायदा मानणारी माणसं. आम्ही एका ड्रमातलं पाणी दुसऱ्या ड्रमात ओततो, रिकामा ड्रम अंगणात पालथा घालून तिला दाखवतो. ती बिचारी भिंतीवर खडूची टिक मारते. ती कोपऱ्यावर वळली की पाणी परत पहिल्या ड्रमात. घासायचं नाव नको, कारण घासायला दोन बादल्या पाणी लागतं. मीही हे वर्षानुवर्षं केलं. डासांच्या अळ्यांना आम्ही दर शुक्रवारी हवापालट घडवत होतो.

मी आमच्या ड्रमात टॉर्च मारला. आत वरात नाचत होती. बँडसकट.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी लगेच दुसऱ्याचा ड्रम बघायचं ठरवलं.

“सर,” मी त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, “व्यायामशाळेच्या फलकाला तुमचा एक भारदस्त फोटो पाहिजे. गच्चीवर उजेड चांगला हाय.”

सरांनी निवृत्तीच्या दिवशीचा कोट चढवला, केसांना तेल लावलं. गच्चीत भिंतीला लागून तीन निळे ड्रम, वर जुनी साडी अंथरलेली. शेजारी पाणी काढायला स्टीलचा ग्लास.

“सर, जरा डावीकडं. हनुवटी वर. आता डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे न्हाईत, म्हंजे डोळ्यात तेज येतं.”

तीस वर्षांत एकाही नवरदेवानं ऐकलं नाही इतकं सरांनी माझं ऐकलं. तेवढ्यात मी साडी सारली, ग्लास बुडवला, तिरप्या उजेडात धरून फोटो घेतला, पाणी परत ओतलं.

“उघडू का?”

“उघडा सर. तेज लई आलंय.”

पुढच्या सभेला मी तीन फोटो नेले, लग्नाच्या अल्बममध्ये जोडप्याचे लावतात तेवढे मोठे. पहिला धरला. “हा माझ्या घरचा ड्रम. ह्याच पाण्यापाशी माझी बायको तापली.” कोणी हसलं नाही. दुसरा धरला, खदानीतलं चतुराचं पिल्लू, चिमट्यात डासाची अळी. पोरंटोरं पुढं सरकली. तिसरा धरला. अळ्या अशा दाटीनं की शेवयाच वाटाव्यात.

“अन् हा सरांच्या गच्चीवरचा.”

सर ताडकन उठले. “कशावरून माझा?”

मी फोटो जवळ नेला. ग्लासाच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं स्वच्छ वाचता येत होतं, ‘सप्रेम भेट’, आणि पुढं सरांचं आडनावासकट पूर्ण नाव, ‘यांना’ जोडून. आपल्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय भेट देत नाहीत, हे किती चांगलं आहे.

चौथा फोटोही होता. कोटातले सर, हनुवटी वर, डोळे मिटलेले. तो मी पिशवीतच ठेवला. ज्यांनी निम्म्या कॉलनीला पाढे शिकवले त्यांच्या बाबतीत तेवढी हद्द पाळावी लागते.

“ठराव झालाय,” सर म्हणाले. “मुरूम उद्या सकाळी येणार.” आणि चपला उलट्या घालून गेले.

सकाळी टिपर आला. मी कॅमेरा घेऊन काठावर पालथा पडलो, टिपरच्या तोंडासमोर. बायको हळूहळू चालत आली, प्लॅस्टिकची खुर्ची माझ्या शेजारी मांडून बसली. “मी झोपत न्हाई,” ती ड्रायव्हरला म्हणाली, “मला परत उठता येत न्हाई. पण हाय मी हितंच.”

ड्रायव्हर खाली उतरला, माझ्याकडं वाकून बघितलं. “काका, तुम्ही कंधारला माझ्या लग्नात होताव न्हव? माझ्या मामाचं मुंडकं कापलंव तुम्ही फोटोत.”

“मामा उंच होता.”

“मामा आता न्हाई ऱ्हायला. तेवढाच एक फोटो होता.”

मी डोक्यावरची टोपी काढली.

त्यानं कमरेवर हात ठेवून पाण्याकडं बघितलं. “भरली गाडी परत नेता येत न्हाई काका. त्या कोपऱ्यात टाकतो. बाकीच्याचं मालकाला सांगतो, रस्त्यात माणूस पडलाय म्हणून.” त्यानं गाडी मागं घेतली आणि कमोडकडच्या कोपऱ्यात सगळा मुरूम ओतला. कमोड गेलं. चतुराची काडीही गेली.

धूळ बसल्यावर लाल चतुर आला. जिथं काडी होती तिथं हवेतच थांबला, बाजूला गेला, परत आला. मी कॅमेरा उचलला नाही. बाभळीची एक वाळकी फांदी तोडली आणि मुरुमाच्या ढिगात रोवली, जुन्या काडीच्या जागेपासून हातभर अंतरावर. दुपार कलेपर्यंत त्यानं मला ताटकळत ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी सरांच्या गच्चीवरून खर्र खर्र आवाज येत होता. नारळाच्या काथ्यानं ड्रम घासल्याचा. मी खाली उभा राहून ऐकत होतो, तेवढ्यात कठड्यावरून सर डोकावले, हात कोपरापर्यंत ओले.

“काय बघायलाव?”

“बघत न्हाई सर. ऐकायलो.”

“खदानीचा विषय संपलेला न्हाई. पुढच्या सभेत परत घेणार हाय मी.”

“घ्या की सर. मी कुठं जायलो?”

आणि खरंच, कुठं जाणार? आज सकाळीही मी तिथंच पोटावर होतो, मुरुमाच्या ढिगाला टेकून. चतुर फांदीच्या टोकावर होता. सर, तुम्ही दहा टिपर आणा, शंभर हात वर करा. आम्ही दोघं उठू, एक घिरटी मारू आणि परत इथंच येऊन बसू.