भरतीत वाळू शोधणारं ड्रोन

विरारहून चांदीपकडे जाणारी टमटम शेवटचं माणूस कोंबल्याशिवाय हलत नाही. ते शेवटचं माणूस मी होते. नदीतले वाळूचे उंचवटे ड्रोननं टिपून पूर आवरणार, अशी घोषणा ऐकली होती. म्हटलं, आकाशातून होणारा हा उद्धार जमिनीवर उभं राहून बघावा.

गाव संपून भातखाचरं लागली, त्यांच्या पलीकडे नदी. इथवर खाडीचं पाणी चढतं. नऊ वाजता सुकती (ओहोटी) होती. मधोमध वाळूचा लांबलचक पट्टा कोरडा पडलेला, त्यावर बगळे निवांत. पावसात हाच पट्टा लोंढा अडवतो आणि पाणी अलीकडच्या काठावर, म्हणजे माझ्या ओळखीच्या हिराकाकींच्या घरात, वळवतो. गेल्या पावसात त्यांची मागची भिंत गेली. पट्टा फोटोत दिसला तरच तो काढायच्या यादीत जाणार, आणि यादी या पाहणीनंतर बंद.

"साहेब, आता उडवा. पट्टा उगडा हाय," काकी ड्रोन घेऊन आलेल्या सरकारी पथकाच्या प्रमुखांना म्हणाल्या.

"मावशी, उद्घाटन नको का? नेते निघालेत."

ड्रोनला हार घातला होता, पंख्यांना हळदकुंकू. नारळही तयार. फक्त फोडणारा हात यायचा होता.

काकींनी मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. हात धुवायला काठाला उतरले, तर चिखलानं डावी चप्पल गिळली. "र्‍हाऊ दे बाय," काकी म्हणाल्या, "साहेब नारल देतील, तू चप्पल दिलीस."

नेते दीड वाजता उगवले. तोवर भरती चढून पट्टा गडप! नारळ फुटला, टाळ्या पडल्या, ड्रोन उडालं. पडद्यावर काठोकाठ, गुळगुळीत पाणी. "वा! नदी कशी मोकळी आहे," म्हणत नेते गाडीत बसले. साहेबांनी लगेच लिहिलं: अडथळा आढळला नाही.

काकींनी लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात शिरल्या. काठाजवळ पाणी छातीपर्यंत आलं. पुढे मात्र त्या जिना चढावा तशा वर येत गेल्या आणि भर नदीत, गुडघाभर पाण्यात, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

ड्रोन चालवणारा ओरडला, "मावशी, बाजूला व्हा! फोटोत माणूस चालत नाही!"

"मधी नदी हाय ना? मग मी बुडले का नय? कशावर उभी हाय, ते लिव आदी!"

"सगळे फोटो बाद होतील हो!"

"होऊ दे. उद्या सुकतीला परत काड."

पाणी मांडीवर आलं, मग कमरेला. "काकी, या आता," मी काठावरून विनवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, ड्रोनची बॅटरी पाहिली आणि शेवटी लिहिलेली ओळ खोडली. "उद्या दहाला पुन्हा उडवू."

"दहाला सुकती हाय. तू आठला ये," काकी तिथूनच म्हणाल्या. "तुजी सवय बघितली आज." मग शेजाऱ्यांनी होडी नेऊन त्यांना आणलं.

संध्याकाळी विरारला पोचले. गेल्या पावसात आमच्या गल्लीत नाल्याचं पाणी शिरलं, त्या नाल्याच्या अहवालातही 'अडथळा आढळला नाही' असंच छापलं होतं. तेव्हा आम्ही गल्लीकरांनी पत्रक काढलं, सह्या गोळा केल्या, निवेदनासोबत फोटोही काढून घेतला. पाण्यात मात्र कुणी उतरलं नाही. मीही नाही.