तात्यांनी ठेवलेली हजेरी

तात्या गेले त्या सकाळी मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना लपवालपवी करावी लागणार नाही. रोह्याच्या आमच्या घरात साडेसातला चहा होतो, आणि कप हातात घेतला की तात्या, म्हणजे माझे सासरे, एकच प्रश्न विचारत, "साइट बगितलीस काय गो?" साइट म्हणजे परदेशातल्या त्या कार्यालयाची, जिथे माझी फाइल साडेचार वर्षं पडून आहे. माझा नवरा निलेश तिकडे कायमचा राहतो. त्याची बायको म्हणून मलाही तिथे राहायची परवानगी मिळावी, असा तो अर्ज. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फाइल अजून त्यांच्याच टेबलावर आहे, उगाच कशाला... तर त्या दिवशी मला हमरापूरला माहेरी जायचं होतं, एसटी चुकायची वेळ झाली होती, आणि मी फटकन म्हटलं, "नाही बघितली, आणि यापुढे बघणारही नाही. एवढी हौस असेल तर तुम्हीच शिका मोबाइल." तात्या चहा प्यायले, कप विसळून पालथा घातला. दुपारी भावाच्या कारखान्यात मी एका गणपतीच्या सोंडेला रंग देत होते, तेव्हा सुवर्णाताईंचा, माझ्या नणंदेचा, फोन आला. तात्या मागच्या पडवीत खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते. हातातला ब्रश मी कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही.

अग्नी सुवर्णाताईंनी दिला. आळीत कुजबुज झाली, होऊ दे. निलेश तिसऱ्या दिवशी पोचला, तेराव्यापर्यंत राहिला आणि रजा संपली म्हणून परत गेला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "आता तू इथे एकटी कशी राहशील?" मी म्हटलं, जशी तात्यांबरोबर राहिले तशीच. पण ते खरं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तात्यांनी धाटावच्या एका कंपनीत एकतीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढली. तीन शिफ्टची हजेरी, कोण आला, कोण गेला, कोण उशिरा आला, कोणाच्या जागी कोण थांबला... निवृत्तीनंतरही माणसाकडे ते आधी हजर की गैरहजर याच नजरेने बघत. लग्नाला कोण आलं नाही हे त्यांना दहा वर्षांनी सांगता यायचं. गावातली एखादी जुनी ओळखीची बाई भेटली की "बऱ्याच दिवसांनी हजर झालीस गो" म्हणायचे, आणि ती हसायची. बोलणं असं मोजकंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात बाईमाणूस असं मीच, तेही नवीन. पहिले काही महिने मी त्यांना घाबरून असायचे. नंतर कळलं की तेच मला घाबरतात.

आमच्या अर्जाची गाडी रुळावरून घसरली ती तात्यांच्या एका चुकीने, हे लिहिणं भाग आहे. लग्न झालं, मी रोह्याला आले, उंबरठा ओलांडून आत गेल्यावर ताटात तांदूळ पसरले आणि निलेशने अंगठीने त्यावर माझं नवं नाव लिहिलं. नाव तात्यांनी ठरवलं होतं: गौरी. हमरापूरची मुलगी, घरात पिढ्यान् पिढ्या मूर्ती होतात, मग दुसरं काय ठेवायचं, असा त्यांचा हिशेब. पेढे वाटले, सगळ्यांनी गौरी गौरी करून कौतुक केलं. मला वाईट वाटलं नाही, आमच्याकडे सगळ्यांचीच नावं बदलतात आणि बहुतेकींची बदललेली नावं आठवड्यात विसरली जातात. पण तात्या विसरणारे नव्हते. लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला, त्या मोत्यासारख्या अक्षरात, आणि वधूच्या रकान्यात लिहिलं, गौरी. निलेशचं विमान चार दिवसांवर आलेलं, आम्ही दोघांनी न वाचता सह्या ठोकल्या. पासपोर्टवर मी रेश्मा, लग्नपत्रिकेत रेश्मा, बँकेत रेश्मा, आणि लग्नाच्या दाखल्यावर गौरी.

अर्ज केल्यावर आठ महिन्यांनी तिकडून पत्र आलं. भाषा सभ्य होती, पण अर्थ एवढाच की या माणसाची बायको नक्की कोणती? रेश्मा की गौरी? की दोन्ही? मी ते पत्र तात्यांना मराठीत सांगितलं तेव्हा आधी मलाच हसू आलं, आणि मग त्यांचा चेहरा बघून ते विरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली ती "रेश्मा" अशी. तोवर वर्षभर गौरी म्हणत होते. त्यानंतर मरेपर्यंत त्यांच्या तोंडून गौरी हे नाव मी ऐकलं नाही. बाकी आळी मात्र अजून गौरीच म्हणते. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. सासऱ्याने सुनेची माफी मागायची रीत आमच्याकडे नाही, आणि मागितली असती तर मला पळून जावंसं वाटलं असतं.

ती एक चूक निस्तरायला दीड वर्ष गेलं. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, दाखल्याची दुरुस्ती, दुरुस्त दाखल्याची दुरुस्ती. पेणला एक वकील भाषांतराचं काम करतात, त्यांच्याकडे फेऱ्या. प्रत्येक फेरीला तात्या बरोबर. एसटीत खिडकीशी मला बसवायचे आणि फाइलची पिशवी स्वतःच्या मांडीवर धरायचे, वाटेतलं गडब गाव आलं की न चुकता म्हणायचे, "अर्धं झालं." खरं तर गडबला निम्म्याहून जास्त रस्ता मागे पडलेला असतो. मी एकदा सांगून बघितलं. म्हणाले, "कमी धरलेलं बरं, मग लवकर पोचल्यासारखं वाटतं." ही युक्ती मी पुढे साइट बघताना वापरायला लागले, फारसा उपयोग झाला नाही.

वाट बघणाऱ्या बाईचं काय होतं, ते मला सांगता येईल. पहिल्या वर्षी मी कशातच हात घातला नाही, कारण पुढच्या महिन्यात जायचंच होतं. नोकरी धरली नाही, साधं तुळशीचं रोप बदललं नाही. बॅग भरून कपाटावर ठेवलेली. थंडीचा एक जाडजूड कोट घेऊन ठेवला होता, त्याला रोह्याच्या दमट हवेत बुरशी आली. तात्या तो कोट आठवड्यातून एकदा दोरीवर उन्हात घालायचे, आणि मेमध्ये लोकरीचा कोट वाळत पडलेला बघून येणारा-जाणारा हसायचा. एके दिवशी कोट झटकता झटकता त्यांनीच विषय काढला. कंपनीत रिलीव्हर आला नाही, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस आलाच नाही, तर आधीचा काय गेटवर जाऊन उभा राहतो काय? "तो येईस्तोवर मशीन चालू ठेवायची असते गो," म्हणाले. मला राग आला. मशीन मी आहे का? पण पुढच्या सोमवारी मी हमरापूरला गेले आणि भावाला म्हटलं, मला डोळ्यांची आखणी दे. लग्नाआधी माझा हात त्यात चांगला होता. आठवड्यातले तीन दिवस जायचे आणि संध्याकाळी निलेशच्या फोनच्या आत घरी यायचे. त्या कामाने मी वेडी व्हायची राहिले, हे अगदी खरं आहे.

फोन संध्याकाळी यायचा, त्याची तिकडे सकाळ असते. घरात रेंज मिळत नाही, मागच्या पडवीत मिळते, म्हणून तात्यांनी तिथे माझ्यासाठी एक खुर्ची ठेवली होती आणि फोन वाजला की ते स्वतः पुढच्या ओटीवर जाऊन बसायचे. फोन संपला की आत यायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लाल पेनने बारीक 'ह' काढायचे. ह म्हणजे हजर. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले, सवय. मग आळीत बोलणं सुरू झालं. इतकी वर्षं कागद होत नाहीत म्हणजे त्याने तिकडे दुसरी केली असणार, ही बिचारी इथे सासऱ्याची भाकरी थापतेय. हे एका बाईंनी आमच्याच ओटीवर बसून, माझ्यादेखत, काळजीच्या सुरात तात्यांना विचारलं. मी आत चुलीशी जाऊन रडले. तात्या त्यांना एवढंच म्हणाले, "माझ्याकडं हजेरी हाय त्याची. बघायची काय?" बाई उठून गेल्या.

आणि माझाच धीर सुटला तेव्हाची गोष्ट. तिसरं वर्ष संपत आलं होतं. साइटवर तीच ओळ, अर्ज विचाराधीन आहे. मी निलेशला फोनवर सांगितलं की एक तर तू सगळं सोडून परत ये, नाहीतर आपण हे लग्न इथेच संपवू, मला नाही जमत. तोही ओरडला. मी फोन कापला आणि आत आले, तर तात्या खुर्चीवर चढून कॅलेंडरवर 'ह' काढत होते. माझा तोल गेला. म्हटलं, आज कसली हजेरी लावताय, आम्ही भांडलो, सोडायची भाषा झाली, ऐकू आलं नाही का तुम्हाला?

तात्या खाली उतरले. पेनाचं टोपण लावलं.

"भांडायला का व्हयना, आला ना गो? मग हजर."

मी मग जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी फोन वेळेवर आला.

नंतरच्या थंडीत निलेश तीन आठवड्यांसाठी येऊन गेला. कार्यालयाने आणखी पुरावे मागितले होते: दोघांचे रोजच्या जगण्यातले फोटो, आणि आम्हाला जवळून ओळखणाऱ्या माणसाचं लेखी निवेदन, की हे लग्न खरं आहे. आमचे सगळे फोटो लग्नाच्या स्टेजवरचे, दोघंही आजारी असल्यासारखे दिसतो. सुवर्णाताई गडबला दिलेल्या, त्यांच्या शेतावर तेव्हा पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, भोवती जाळ. ओढून काढलेल्या गरम शेंगा खाताना निलेशच्या नाकाला काजळी लागली आणि मी ती पुसायला गेले, ती आणखी पसरली. तो फोटो तात्यांनी काढला. कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय. तोच पाठवला. निवेदनही तात्यांनीच लिहिलं, चार पानं, दारं लावून. पाकीट चिकटवून थेट वकिलांच्या हातात दिलं. त्यांनी त्याचं अर्ध्या पानाचं इंग्रजी केलं, स्कॅन करून पाठवलं आणि मूळ कागद परत पाकिटात घालून आमच्या फाइलला लावले. इंग्रजी मी वाचलं होतं: मी या दांपत्याला ओळखतो, त्यांचा विवाह खरा आहे. मराठी वाचलं नाही. सासऱ्याने आपल्या संसाराबद्दल काय लिहिलं ते वाचायची लाज वाटली.

तात्यांच्या तेराव्यानंतर निलेश परत गेला, त्यावर आठवड्याने मी साइट उघडली. शपथ मोडली म्हणा. नवीन सूचना होती: आधीचं निवेदन जुनं झालं, ताजं पाठवा. ज्या माणसाने रोज हजेरी ठेवली तो माणूस आता कुठून आणायचा? सुवर्णाताई म्हणाल्या, मी लिहिते, पण मला नमुना दे. म्हणून मी फाइल काढली आणि ते पाकीट उघडलं. कॅलेंडर समोर भिंतीवर होतं, ते गेले त्याच्या आदल्या दिवसाच्या चौकटीपर्यंत लाल 'ह' आणि पुढे कोरं.

तात्यांनी लिहिलं होतं: "मी एकतीस वर्षे हजेरीचे काम केले आहे. खोटी हजेरी लावलेली नाही. माझ्या मुलाची हजेरी मी लग्नापासून ठेवली आहे. वादळात टॉवर पडला ते तीन दिवस सोडता तो गैरहजर नाही. दोघे एकदा फार भांडले. खोटे नवराबायको इतके भांडत नाहीत, त्यांना गरज काय? ज्या दिवशी फोन उशिरा येतो त्या दिवशी सुनेच्या आमटीत मीठ कमी पडते. मी बोलत नाही. दाखल्यावर नाव चुकीचे लिहिले ते मी लिहिले. त्या चुकीची शिक्षा त्या दोघांना होत आहे, ती मला व्हावी. माझी सून स्वभावाने तापट पण चांगली आहे." असं चार पानं. मी वाचत गेले आणि त्या सकाळचं माझं बोलणं, मोबाइल शिका म्हणालेलं, पानापानावर आठवत गेलं. त्यांना मोबाइल शिकायचा नव्हता. रोज सकाळी विचारायला कोणीतरी हवं होतं, आणि सांगायला मी होते.

शेवटच्या पानावर, सहीच्या वर, दोन ओळी आहेत. "तरी तिला लवकर बोलावून घ्यावे ही विनंती. ती गेल्यावर या घरात हजर असा मी एकटाच राहीन, परंतु ते कृपया यात धरू नये."

ही शेवटची ओळ वकिलांच्या इंग्रजीत नाही. धरू नये असं लिहिलं होतं, म्हणून त्यांनी धरली नसावी.