सासऱ्यांच्या विहिरीतला पाणबुड्या

आता माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे बायकोचा तिखटमीठ लावायचा त्रास तरी वाचेल!

मी सातपूरच्या कारखान्यातला साधा फिटर. पण मालवणला चार दिवस स्कूबा शिकून आलो, मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर बांधला आणि डोक्यात हवा गेली. पाण्यात किती खोल गेलात, वर कधी यायचं, सगळं ते घड्याळाएवढं यंत्र सांगतं. मी जेवतानासुद्धा काढत नसे!

तेवढ्यात चांदवडहून सासऱ्यांचा फोन. दोर तुटून मोटर विहिरीच्या तळाला गेलेली, कांदा पाण्यावाचून सुकतोय आणि लाईट दुपारी दोनपर्यंतच!

"मामा, कोणाला बोलावू नका, मी येतो! विहीर किती खोल?"

"पन्नास फूट."

झालं! पाठीवरची हवेची टाकी, मास्क, पायात घालायचे पंखे घेऊन सकाळी नऊला हजर. निम्मं गाव काठावर!

मी भाषणच ठोकलं. "आपण समुद्रापासून बरेच उंचावर आहोत. इथं हवेचा दाब कमी. कॉम्प्युटरला उंची सांगितली नाही, तर वर येताना रक्तात बुडबुडे! शिवाय उंचावर आल्यावर शरीर रुळायला तीन तास थांबायचं."

सासरे विचारात पडले. "पण जावईबापू, तुम्ही तर नाशकात ऱ्हाता. ते काय समुद्रात हाय का?"

"मामा, नियम म्हणजे नियम!"

"मी काय म्हणते..." सासूबाईंनी दोनदा तोंड उघडलं.

"मामी, आधी सुरक्षितता!"

बारा वाजता पायऱ्या उतरलो, सगळ्यांना अंगठा दाखवला आणि मारली उडी. धप्प! पाय थेट चिखलात. उभा राहिलो तर पाणी छातीला!

अहो, पन्नास फूट विहीर होती, पाणी चारच फूट! कॉम्प्युटर तर याला डुबकी मानायलाच तयार नाही.

"मामी, सांगायचं ना!"

"तेच तर सांगत व्हते! जावयाला किती टोकायचं मानसानं?"

त्यांनी पदर खोचला, सरसर उतरल्या, पाण्यात हात घालून मोटरला दोर बांधला. "ओढा!"

मोटर वर! काय तो जल्लोष! जोडणी झाली, बटण दाबलं, एकच्या आत कांद्याला पाणी. सगळी मंडळी वावराकडे पळाली.

आणि मी? पंखे चिखलात रुतलेले, पाठीवर टाकी. जागचा हलेन तर शपथ!

शेवटी मामींनाच आठवण झाली. "आवं, दोर परत सोडा! जावई ऱ्हायले खाली!"

मोटर दोघांनी ओढली होती. मला पाच जण लागले.