ताटामागचं नाव

शेवंतीकाकी मुलांचे चेहरे बघायची नाही, ताटं बघायची. आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ती पोषण आहार शिजवायची. मधल्या सुट्टीतली जेवणं आटोपली की पडवीच्या पायरीवर बसून एकेक ताट हातात घ्यायची, उरलंसुरलं न्याहाळायची, मग ताट उलटं करून मागचं नाव वाचायची आणि निकाल द्यायची. "हेका घरात मार बसलो हा." "हेका ताप येतलो, सांजेपर्यंत बघा." "हेच्याकडे पावणे इलेत, सकाळीच वडे खावन इलो हा." गुरुजी हसायचे. पण ताप आलेला असायचा.

ताटांवर नावं घालणं ही तिचीच पद्धत. शाळेची ताटं चेपलेली आणि अपुरी होती, म्हणून तिने ती कधीतरी सुरू केली. शिमगा झाला की पुढल्या जूनमध्ये पहिलीत कोण येणार याचा अंदाज घ्यायची, मालवणच्या बाजारातून तेवढी ताटं आणायची आणि भांडीवाल्याकडून मागे नाव आणि साल टोचून घ्यायची. चौथी पास झालं की ते ताट त्या मुलाचं. माझ्या पुतण्याचं ताट अजून आमच्या मांडणीवर आहे. काकी स्वतः जेमतेम चौथी शिकलेली, त्यामुळे नाव वाचताना तिचे ओठ हलायचे. लांबलचक नावं ठेवणाऱ्या आईबापांवर तिचा राग होता. माझ्या लेकीच्या बारशाला पाळण्याशी वाकून ती म्हणाली होती, "सई. दोनच अक्षरां. भांडीवाल्याक सुख."

सई सहा वर्षांची झाली तेव्हा माझ्यापुढे दोन शाळा होत्या, दोन्ही सरकारीच. एक घरापासून हाकेच्या अंतरावरची वाडीची शाळा: एक गुरुजी, चार इयत्ता मिळून नऊ मुलं. दुसरी हमरस्त्यावरची, रिक्षाने वीस मिनिटं. तिथे वर्गागणिक शिक्षक आणि सेमी इंग्रजी. मी तालुक्याला शिक्षण विभागात लिपिक. पट घसरला की शाळेचं काय होतं, ते माझ्याच टेबलावरच्या फायलींत असायचं. त्या वर्षी वाडीत पहिलीत घालण्याजोगं मूल एकच होतं, माझं. ती गेली नाही तर शाळा फार दिवस टिकणार नाही हे गुरुजींना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि काकीलाही. शाळा गेली की काकीची चूलही जाणार होती.

गुरुजी दोनदा घरी येऊन गेले. चहा घेतला, सईला पाढे विचारले, मला काहीच विचारलं नाही. वाडीतले लोक मात्र सरळ बोलले. "वैनी, तुमीच असा केलात तर मगे दुसऱ्यांका काय सांगूचा?" त्यात चूक काही नव्हतं. नवरा म्हणाला, तू ऑफिसात बसतेस, तुला जास्त कळतं. म्हणजे निर्णय माझा आणि बोलणीही मीच खायची.

शेवटी मी काकीला विचारलं. अंगणात ती आमसुलं उलटीपालटी करत होती.

"काकी, तुमका काय वाटता?"

"ती शाळा तू बघितलंस?"

"प्रवेशाच्या वेळी बघेन."

"मगे कित्याक इचारतंस? शाळा बघूची ती जेवणाच्या वेळेक. फळ्यावर काय, कोणय बरा अक्षर काढता."

चैत्र चालू होता. शाळा सकाळच्या होत्या. एका शनिवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघी एसटीने त्या शाळेत गेलो. काकीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मुख्याध्यापिका आम्हाला संगणक दाखवत होत्या, तेवढ्यात काकी माझ्या बाजूला नव्हतीच. ती थेट स्वयंपाकाच्या खोलीत पोचली होती. मी जाईपर्यंत तिने पातेल्यावरचं झाकण काढून खिचडी चाखली होती आणि तिथल्या बाईंना सांगितलं होतं, "मीठ कमी आसा." त्या बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मुलं पंगतीला बसली. काकी खांबाला टेकून पहिलीच्या ओळीकडे बघत राहिली. मी तिच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला, पण मला नुसती मुलंच दिसली. एकीला खिचडीतले वाटाणे नको होते, ते शेजारणीने उचलून खाल्ले. एक मुलगी फार सावकाश जेवत होती. बाकीची ओळ उठली, पण तिच्या बाजूची रिकामं ताट घेऊन तशीच बसून राहिली. हिचं होईपर्यंत दोघींच्या गप्पा चालू होत्या. मग त्या ताटं धुवायला एकदमच गेल्या.

परतताना एसटीच्या थांब्यावर काकीने मागे शाळेकडे हात केला.

"हंय घाल तुझ्या चेडवाक."

"खिचडी तर तुमका आवडली नाय."

"खिचडीचा काय घेवन बसलंस? मीठ उद्या वाढतला." ती रस्त्याकडे बघत होती. "एकटा पोर जेवणा नाय गो. जेवला तरी नुसता गिळता. आमच्याकडे पयलीत ती एकटीच बसतली. गुरुजी बरे आसत, पण गुरुजी काय तिच्यावांगडा दोरीउड्यो मारतले?"

"आणि आपली शाळा?"

"शाळा माझी न्हय. माझी ती चूल." एसटी आली आणि ती पुढे होऊन चढली.

जूनमध्ये सई त्या शाळेत गेली. वाडीने मला काही महिने धारेवर धरलं. काकीने कधी शब्द काढला नाही. उलट कुणी माझा विषय काढला की म्हणायची, "माका इचारून घातल्यान हा. माझ्याशी भांडा." संध्याकाळी रिक्षा थांबायची तिथे ती हटकून उभी. सई उतरली की एकच प्रश्न, "जेवलंस गो? कोण होता बाजूक?" अभ्यासाचं तिने कधीच काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी वाडीची शाळा त्याच हमरस्त्यावरच्या शाळेला जोडली गेली. ते पत्र माझ्या हातून टाइप झालं. जावक क्रमांक मीच घातला. सरकारी काम म्हणून केलं, आणि लाजही वाटली. काकीने सरकारी पातेली घासून लख्ख करून जमा केली, उरलेल्या मुलांना त्यांची त्यांची ताटं वाटली आणि काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. तिथे बायकांचे डबे उघडले की ती त्यात डोकावते, अशी तक्रार कानावर यायची.

गेल्या वर्षी भातकापणीच्या सुमाराला ती गेली. आजार असा काही नव्हता, तीन दिवस अंग मोडून आलं आणि संपलं. बाराव्यानंतर तिचा मुलगा घर आवरून मुंबईला परत निघाला. जाता जाता आमच्या दारात आला. हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"वैनी, ह्या तुमचा आसतला. आवशीच्या पेटयेत तळाक होता."

ताट होतं. कोरं, एकही ओरखडा नसलेलं. मी काकीसारखंच ते उलटं केलं. मागे दोन अक्षरं होती, सई, आणि तिच्या पहिलीचं साल.

मी हिशेब लावला, तो लागायला वेळ लागला नाही. तिची ताटं शिमग्यानंतर लगेच यायची. आम्ही ती शाळा बघायला गेलो ते चैत्रात. म्हणजे थांब्यावर "हंय घाल" म्हणाली तेव्हा हे ताट तिच्या पेटीत तयार होतं.

सई आता सहावीत आहे. तिने ताट बघितलं आणि विचारलं, "काकीने मला तेव्हाच का नाही दिलं?"

मी तिला खरं ते सांगितलं. काकी मला ओळखून होती. ते ताट तिने मला एकदा नुसतं दाखवलं असतं, तरी मी सईला वाडीतच ठेवलं असतं.