भूतानच्या डोंगरावरचा मावळा

पोरीच्या अॅडमिशनच्या फॉर्मवर मी आईचं शिक्षण बारावी पास लिहिलं होतं. आहे मी आठवी नापास. शेजारची बाई ग्रॅज्युएट लिहीत होती ना, माझाही हात आवरला नाही. तरी बारावीवरच थांबले, एवढी अक्कल होती. तेव्हापासून गेटवर मॅडम दिसल्या की मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकते.

यंदा मात्र वाट लागली. दुसरीच्या वर्गाचं प्रदर्शन होतं, एक छोटा देश आणि त्याने धूर कसा कमी केला, असा विषय, आणि माहिती आईने सांगायची. आमच्या वाट्याला आला भूतान. पोरगी मोबाईलवरून वाचायची, मी भाकऱ्या थापत ऐकायचे. तेच तेच चारदा वाचायला लावलं तर म्हणाली, आई तू ढ आहेस का. मी म्हटलं, हळू बोल बाई.

आता डोंगर करायचा म्हटलं की आमच्या हाताला एकच येतं, दिवाळीतला किल्ला. चारकोपच्या मैदानातली माती आणली, पाटावर विटांचे तुकडे, वर गोणपाट, त्यावर हळीव पेरले. पाच दिवसांत भूतान हिरवागार. सासूबाई मालवणच्या, बघून म्हणाल्या, “अगो, ह्यो भूतान खंयचो? ह्यो तर आपलो किल्लो.” मी त्यांना सांगून टाकलं, तुम्ही शाळेत येऊ नका.

शाळेत टेबलावर ठेवला आणि बघते तर शिखरावर मातीचा मावळा, हातात भाला. किल्ला रिकामा बरा दिसत नाही म्हणून पोरीने गुपचूप बसवलेला. काढायला हात घातला तर समोर मॅडम.

“हा कोण?”

मी हात मागे घेतला. मग जे सुटले ते सुटलेच. मॅडम हा जंगलाचा राखणदार, त्यांच्या कायद्यातच आहे, निम्म्याहून जास्त देश जंगलच राहिला पाहिजे, म्हणून ते जेवढा धूर करतात त्याहून जास्त त्यांची झाडं गिळतात, वीज नद्यांवर करतात, उरली तर आपल्याला विकतात.

“मग पुढेही असंच चालेल?”

म्हटलं, कठीण आहे मॅडम. शब्द दिलाय त्यांनी, पण तिथेही गाड्या वाढल्यात. चढावर माणूस पायी किती चालणार, मी तर सपाट रस्त्यावरसुद्धा स्टेशनला शेअर रिक्षा करते. आणि वरचा बर्फ वितळतोय तो आपल्यासारख्या बाकीच्यांच्या धुराने. नद्याच आटल्या तर वीज कुठून आणतील?

मॅडम बघतच राहिल्या. “बारावीला सायन्स होतं का तुमचं?”

हो म्हटलं असतं तर सुटले असते, यार. पण पुढे अजून काय विचारतील या भीतीनेच तोंडातून निघालं, “आठवी नापास आहे मॅडम. फॉर्मवर घाबरून लिहिलं. पोरीला काढू नका.”

मी टेबल घट्ट धरलं तसा सगळा भूतान हलला.

“आईच्या मार्कांवरून पोरीला कोण काढतं?” त्या हळूच म्हणाल्या. “सोमवारी ऑफिसात येऊन फॉर्म दुरुस्त करा. आत्ता हे सगळं मोठ्या सरांना परत सांगा.”

सांगितलं. सोमवारी ऑफिसातही गेले. क्लार्कने बारावी खोडलं आणि मान वर न करता विचारलं, “आठवी पास ना?”

मी हो म्हटलं.