गात नव्हता तो

नंदाखाल गावात प्रमोदिनी राऊतच्या तोंडाला लागायची कोणाची हिंमत नव्हती. तिने शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर केळीची वाडी एकटीने सांभाळली. वाडीत एक अर्धा वाळलेला पांगारा होता. दर उन्हाळ्यात त्यावर रानचिमण्यांचं जोडपं यायचं. दिसायला घरच्या चिमणीसारखंच, फक्त नराच्या गळ्यावर हळदीचं बोट टेकवल्यासारखा पिवळा ठिपका. तांबट पक्ष्याने कोरून सोडलेल्या ढोलीत मादी गवत, पिसं नेऊन टाकायची. पिल्लं उडायला लागली, पाऊस मुरला, की सगळी कुठेतरी निघून जायची. पांगारा तोडा म्हणणाऱ्या प्रत्येकाला प्रमोदिनीने हाकलून लावलं होतं.

यंदा मे महिन्यात, ढोलीत पिल्लं असताना, तिच्या भावाचा मुलगा केयूर शहरातल्या एव्हरशाईन सिटीतून पाच-सहा कॅमेरेवाले घेऊन आला. तिला कौतुक वाटलं. तिने शहाळी काढून दिली आणि चहा टाकायला आत गेली.

आतून तिला नराचा आवाज ऐकू आला. थांबेचना. ती बाहेर आली तर फांदीखाली एक स्पीकर ठेवलेला, त्यातून तोच आवाज वाजत होता. दुसरा नर घुसलाय समजून तिचा नर त्या डबड्यावर झेप घेत होता, दमून चोच वासून बसत होता, पुन्हा झेपावत होता. ढोलीवर सावली धरणारी शेजारच्या आंब्याची फांदी तोडून खाली टाकली होती.

"बंद कर ते!"

"काकी, दोनच मिनिटं. लाइट मस्त आहे," एक कॅमेरेवाला म्हणाला.

प्रमोदिनीने स्पीकर उचलला आणि वाडीच्या तळ्यात, बावखलात, भिरकावला.

"आत्या, वेडी झालीस का? सॉरी म्हण त्यांना!" केयूर ओरडला.

"सगळे वाडीबाहेर व्हा. तू पहिला."

मादी पुन्हा ढोलीकडे फिरकली नाही. दिवसभर भर उन्हात पिल्लं चिवचिवत राहिली, मग गप्प झाली. ढोलीच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली. प्रमोदिनी पायरीवर बसून शिव्या देत होती. केयूरला, त्या लोकांना, शहाळी काढून देणाऱ्या स्वतःच्या हातांनाही.

गणपतीत केयूर फोटोची फ्रेम घेऊन आला. नराची चोच उघडी, गळा फुगलेला.

"बक्षीस मिळालं, आत्या. गाताना कसला पकडलाय बघ!"

"गात नाहीये तो. बोंबलतोय," ती म्हणाली. "घेऊन जा हे."

तिने फ्रेम त्याच्या हातात कोंबली. आरती व्हायची होती, तरी थांब म्हणाली नाही.