नीरण्णाला मराठी येत नाही

हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि मुलीला — तिला तर मुळीच नाही. तोंडाशी येऊन परत गेलं, असंही म्हणता येणार नाही. तोंडाशी येऊच दिलं नाही मी. कारण सांगितलं, तर माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या विजयातली हवा जाईल. आणि तो विजय मला फार आवडतो. अजूनही.

विजय कसला, ते ऐकून हसू नका. व्हिडिओ गेममधला. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, यशवंतपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. आमचं घराणं इतक्या पिढ्या बंगळुरात आहे, की ‘मूळ गाव कुठलं’ असं कुणी विचारलं तर आम्ही एकमेकांकडं बघतो. गेमचा नाद लावला मुलीनं, रेवतीनं. तिच्या कॉलेजच्या गटात एक माणूस कमी पडत होता. ‘अप्पा, तुम्ही नुसतं दुकान सांभाळा, बंदूक धरायला नको,’ म्हणाली. मी म्हटलं, सरी, चालेल.

त्या खेळातलं जग उद्ध्वस्त झालंय. शहरांचे सांगाडे उरलेत, आणि वाचलेली माणसं एका कोरड्या खोऱ्यात दोन गट करून राहतात. मध्ये एक जुनं धरण. भिंतीच्या खालच्या अंगाला आम्ही, धरणवाले — भिंत राखायची, पाणी मोजून द्यायचं, माणशी सारखं. भिंतीमागं, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या तळात, वाळूवर, काफिलावाले. त्यांचं म्हणणं, पाणी कुणाच्याच कुलपात नको. भिंत फोडा, नदी मोकळी करा, ज्यानं त्यानं तिच्या काठानं चालावं. हंगामाच्या शेवटी एकच लढाई होते, आणि जो जिंकेल त्याचंच भविष्य पुढं चालतं. ते जिंकले तर धरण फुटणार, आमची शेतं वाहून जाणार. आम्ही जिंकलो तर भिंत आणखी उंच होणार, तळ भरणार, आणि त्या वाळूत त्यांनी उभं केलेलं सगळं पाण्याखाली जाणार.

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. पण मी पाणी मोजणाऱ्यांच्या बाजूचा. स्वभावच तसा.

रविवारी सकाळी बाजार भरायचा. बाजारात शस्त्र चालत नाही, दोन्ही गट एकत्र, आणि जवळ उभ्या असलेल्या कुणाचंही बोलणं ऐकू येतं — नाहीतर घासाघीस कशी होणार? माझं पाण्याचं दुकान. नाव घेतलं होतं नीरण्णा; कन्नडमध्ये नीरु म्हणजे पाणी. कोपऱ्यात बसायचं, घागरी भरून द्यायच्या. आणि पहिल्याच बाजारात ते कानावर पडलं. मराठी.

काफिल्याची म्होरकी केतकी, नागपूरची. तिचा उजवा हात समीर, पुण्याचा. दोघं बेळ्ळंदूरला आयटीत. हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्या दुकानासमोर उभं राहून ते एकमेकांशी जे बोलत, त्यातून कळलं. आवाजसुद्धा खाली करत नसत. आपण मराठीत बोललो म्हणजे खोलीचं दार लावून बोललो, अशी त्यांची समजूत. शहरात नव्यानं आलेल्या माणसालाच ती परवडते. आमच्या जुन्या भागात मराठीत कुजबुजायचीही सोय नाही — समोरचा कोण कुणाचा सोयरा निघेल, सांगता येत नाही.

मी सांगणारच होतो — ‘अहो, आम्हीपण मराठीच.’ खरंच सांगणार होतो? आज नक्की म्हणता येत नाही. कारण पुढच्या वाक्यात समीर म्हणाला की त्यांचा दारूगोळा संपत आलाय. आणि मी गप्प बसलो.

मग एकदा तिनं विचारलं. सरळ विचारलं, हसत. ‘अण्णा, मराठी आती है क्या?’

‘मराठी? इल्ल मा. हिंदी स्वल्प स्वल्प.’

‘बघ, म्हटलं नव्हतं तुला?’ ती समीरला म्हणाली. ‘अण्णा सेफ आहे बाप्पा. उगाच शंका काढत राहतो तू.’

शेजारच्या खोलीतून बायकोनं तेवढ्यात हाक मारली, ‘अहो, पोळ्या निवतायत!’ मी माइक असा दाबला की हेडफोन गळ्यात आला. त्यांना ऐकू गेलं नाही. त्या रविवारपासून मी दार लावून बसायला लागलो. बायकोला म्हटलं, लक्ष लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, लढाईत हेरगिरी चालते. चालते. पण मी हेर म्हणून गेलो नव्हतो, आणि आमच्या गटात कुणाला मी हेर आहे हे ठाऊकही नव्हतं. त्यांना वाटायचं, मी आकडेमोड करतो. काफिल्याचा दारूगोळा कधी संपेल, त्यांच्या गाड्या कुठं अडकतील — मी सांगायचो आणि ते खरं निघायचं. रेवतीचे मित्र म्हणायला लागले, अंकलचं डोकं म्हणजे कॅल्क्युलेटर. मी नाही म्हटलं नाही. एकदाही नाही.

आणि दारूगोळाच ऐकला असता, तर एक वेळ ठीक होतं. पण माणसं काय तेवढंच बोलतात? केतकीनं त्या वाळूत एक घर बांधलं होतं. पुढं ओसरी, ओसरीवर झोपाळा. कोरमंगलाच्या पीजीत तिला अर्धं कपाट मिळालं होतं, तेही दुसरीच्या कपड्यांसकट. समीर तिला चिडवत होता, की लढाई तोंडावर आलीय आणि तू भिंतींना रंग कसले देतेस. ती म्हणाली, ‘हसू नको. या अख्ख्या बंगलोरमध्ये माझं म्हणून एवढंच आहे.’

हे मी ऐकलं. पाण्याची घागर तिच्या हातात देता देता ऐकलं.

पुढच्याच बाजारात त्यांचा अखेरचा बेत कळला. उत्तरेच्या दरवाज्यावर सगळ्या गाड्या आणून गोंगाट करायचा, आणि सुरुंग घेऊन खरी माणसं डोंगराला वळसा घालून, आमच्या पाठीमागच्या कोरड्या कालव्यातून पायी येणार.

संध्याकाळी आमच्या गटाची बैठक झाली. मी म्हणालो, उत्तरेकडं ढोंग असेल, सगळी माणसं कालव्यावर ठेवा. गिरीश म्हणून रेवतीचा मित्र आहे, हुशार मुलगा. त्यानं विचारलं, ‘अंकल, प्रूफ?’ बरोबरच विचारलं. दरवाजा मोकळा सोडायचा, आणि अंदाज चुकला तर संपलं.

तेव्हा मी त्याला हिशेब मांडून दाखवला. त्यांच्या गाड्या किती, इंधन किती, उत्तरेची चढण किती — इतक्या इंधनात गाड्या दरवाज्यापर्यंत येतील, पण लढून परत जाऊ शकणार नाहीत, म्हणजे तिथं लढायचंच नाहीये. एकेक आकडा मी मनानं बसवला होता. कारखान्यात उत्तर आधी ठरवून कुणी आकडे जुळवून आणले, तर मी कागद परत करतो. एका पोराला तर सगळ्यांदेखत बोललोय. आणि इथं?

गिरीशला तरी ते पटेना. मग रेवती म्हणाली, ‘अप्पा आकड्यात चुकत नाहीत. माझी जबाबदारी.’

लढाई पुढच्या रविवारी सकाळी, बाजाराऐवजी. काय सांगू तुम्हाला! उत्तरेकडं गाड्यांचा धुरळा, हॉर्न, आरडाओरडा — आणि आम्ही सगळे कालव्याच्या दोन्ही काठांवर, दबा धरून. एक क्षण मलाच वाटलं, बेत बदलला असेल तर? तेवढ्यात कालव्याच्या वळणावर पहिलं डोकं दिसलं. मग दुसरं. पाठीवर सुरुंगांची ओझी, हातात बंदूकही धरता येईना. समीर सगळ्यांत पुढं होता. आम्ही उठून उभे राहिलो आणि खेळ संपला. आमचा एक माणूस पडला नाही. भिंतीला ओरखडा नाही. गिरीश कानात ओरडत होता, ‘अंकल, सूपर! नीवु ग्रेट!’ रेवती खुर्चीवरून उडी मारून माझ्या गळ्यात पडली, बायको हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत आली, आणि शेजारच्या अक्का काय झालं म्हणून दारात उभ्या. लोण्यातले बेण्णे दोसे मागवले, सगळ्यांना वाटले. माझ्या लग्नातही माझा एवढा मान झाला नव्हता. प्रमोशन मिळालं तेव्हाही नाही. मी, हिशेबनीस, एक जग वाचवून बसलो होतो!

रीतीप्रमाणे हरलेले झेंडा द्यायला भिंतीवर आले. केतकीनं तो माझ्याच हातात दिला. ‘अण्णा, मान गए. हिसाब आपने लगाया ना?’

मी म्हटलं, ‘हां मा.’

मग ती समीरकडं वळून मराठीत म्हणाली, ‘जाऊ दे रे, एवढं तोंड नको पाडू. फसवून हरवलं असतं तर लागलं असतं मला. हा माणूस सरळ आहे.’

मी म्हणालो, ‘थँक्यू मा.’

भिंत उंच झाली, तळ भरायला लागला. मी वरून बघत होतो. पाणी आधी त्यांच्या गाडीतळावर आलं, मग गल्ल्यांतून, मग ओसऱ्यांवर. मला तेव्हा काय वाटलं, ते नीट सांगायला हवं, नाहीतर या सगळ्याला अर्थ नाही. मला वाईट वाटलं नाही. मी हात वर करून ओरडलो. आमची शेतं भिजणार होती.

आता नवा हंगाम सुरू आहे. कालवे भरून वाहतात, आमच्याकडं सगळं हिरवं आहे. गटानं भिंतीवर एक शिळा बसवली आहे, कन्नडमध्ये: नीरण्णाच्या हिशेबानं धरण राहिलं. कोरण्याचा मजकूर रेवतीनं दिला. बाजाराला जाताना मी मुद्दाम त्या वाटेनं जातो, आणि दर वेळी ऊर भरून येतो — खोटं सांगत नाही.

केतकी या हंगामात आली नाही. समीर येतो, एकटाच. आता त्याला मराठीत बोलायला कुणी नाही. माझ्या दुकानाशी थांबतो, हिंदीत पाणी मागतो. मी त्याला घागर भरून देतो, आणि किती झाले ते हिंदीत सांगतो.